इंजिन बदलताना: ज्याचा ईसीएम, त्याचेच सेन्सर

डिझेल स्विफ्टचं इंजिन निकामी झालं की मालकाचा पहिला फोन जुन्या पार्टवाल्याला जातो आणि प्रश्न एकच असतो, "इंजिन आहे का?" इंजिन मिळतं. टेम्पोतून उतरतं, चेन ब्लॉकला लटकतं, माउंटिंगवर बसतं, गिअरबॉक्सला जुळतं. सगळे नटबोल्ट आवळून झाले की कुणीतरी चावी फिरवतं. सेल्फ फिरतो, फिरतच राहतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. मग गाडी बॉनेट उघडं ठेवून पंधरा दिवस गॅरेजच्या कोपऱ्यात उभी. लोखंडाचं काम दोन दिवसांत उरकलेलं असतं, बाकीचे सगळे दिवस वायरी आणि सेन्सर खातात.

हे दिवस वाचवता येतात. पहिल्यांदाच इंजिन बदलून घेणाऱ्या मालकासाठी आणि पान्यात हात बसलेल्या पण स्कॅनरला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) बिचकणाऱ्या नव्या मेकॅनिकसाठी हे लिहितो आहे. उदाहरण म्हणून १.३ लिटर मल्टिजेट घेतलं आहे, कारण आपल्याकडे हे इंजिन जितक्या बॉनेटांखाली आहे तितकं दुसरं डिझेल इंजिन क्वचितच असेल. मूळ फियाटचं, १२४८ सीसी, चार सिलिंडर, युरोपात २००३ मध्ये आलेलं. आपल्याकडे मारुतीने ते जानेवारी २००७ मध्ये स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आणलं. टाटाने व्हिस्टात त्याला क्वाड्राजेट म्हटलं. फियाटच्या लिनिया आणि पुंटोत ते मल्टिजेटच राहिलं आणि पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार होत होतं. मारुतीसाठीची इंजिनं मानेसरला बनत. लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले तेव्हा त्याचं उत्पादन थांबलं. म्हणूनच आज ज्याचं इंजिन जातं तो जुन्या बाजाराकडे वळतो.

इतक्या गाड्यांत एकच इंजिन असल्यामुळे "सगळी सारखीच" असा समज पसरतो. ब्लॉक सारखा असेलही. पण ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप) स्विफ्टला साधा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, आहे, तर ९० पीएसच्या एसएक्स४ आणि एर्टिगाला व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलवून दाब बदलणारा. बीएस-३ आणि बीएस-४ मध्ये डिझेल फवारणारी नोझल, ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप), सेन्सर बदलत गेले. बाहेरून भाऊ दिसणारी दोन इंजिनं ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, लेखी परकी असू शकतात.

ईसीएमला इंजिन दिसत नाही

इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजात सगळे ईसीएम म्हणतात, त्याला पिस्टन दिसत नाही, तापमान कळत नाही, डिझेलचा दाब जाणवत नाही. त्याच्याकडे येतात ते फक्त व्होल्ट आणि सिग्नलची वरखाली. किती व्होल्ट म्हणजे किती दाब, याचं कोष्टक कंपनीने त्याच्या आत भरून ठेवलेलं असतं. सेन्सर बदलला आणि कोष्टक तेच राहिलं, तर ईसीएम चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून अगदी बिनचूक हिशेब करत राहतो.

हे मी माझ्या मामांच्या स्विफ्टवर शिकलो. गाडीत रिट्झमधून काढलेलं इंजिन बसवलं होतं. दोन्ही मारुती, दोन्ही ७५ पीएस, कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सगळे खटाखट बसले. गाडी सुरू झाली, आयडलला बरी चालली. पण रस्त्यावर घेतली की ओढच नाही, आणि कात्रजच्या चढाला मागून काळा धूर. स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नव्हता. आधी टर्बो उघडून पाहिला, मग इंटरकूलरचे पाइप तपासले, मग डिझेल फिल्टर बदलला. आठवडा गेला. शेवटी जुनं इंजिन गोणपाटाखालून बाहेर ओढलं आणि त्याच्या कॉमन रेलवरच्या, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या जाड नळीवरच्या, प्रेशर सेन्सरचा नंबर नव्या इंजिनच्या सेन्सरशी ताडून पाहिला. नंबर वेगळा निघाला. इंजिन रिट्झचं होतं, पण आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यावर भलत्याच गाडीची रेल चढवली होती.

आता यातलं गणित बघा, कारण सगळा विषय या गणितात आहे. असे सेन्सर साधारणपणे दाब शून्य असताना ०.५ व्होल्ट देतात आणि कमाल दाबाला ४.५ व्होल्ट. मधले ४ व्होल्ट म्हणजे पूर्ण रेंज. एक सेन्सर १५०० बारचा (बार हे दाबाचं माप) असतो, दुसरा १८०० बारचा. कपलर तोच, आटे तेच, दिसायला जुळे. समजा ईसीएम १८०० च्या हिशेबाने चालतो आणि रेलवर आहे १५०० चा सेन्सर. खरा दाब हवा तेवढाच, ३०० बार, असेल तर सेन्सर १.३ व्होल्ट पाठवतो. ईसीएम त्याचे ३६० बार वाचतो, दाब जास्त झाला समजून कमी करतो आणि २५० वर आणून ठेवतो. जिथे १२०० हवेत तिथे १००० मिळतात. डिझेलचा फवारा नीट फुटत नाही, म्हणून धूर आणि ओढ नाही. कोड येत नाही, कारण १.३ व्होल्ट हा पूर्णपणे कायदेशीर आकडा आहे. वायर तुटली, शॉर्ट झाली तरच ईसीएम ओरडतो. खोटं बोलणारा सेन्सर त्याला ओळखू येत नाही.

उलटी जोडी जास्त वाईट. ईसीएम १५०० चा आणि सेन्सर १८०० चा असला, तर ईसीएम १४०० बार मागतो आणि रेलमध्ये भरतात १६८० बार. गाडी झकास पळते, मालक खूश होतो, आणि पंप, नोझल, पाइप रोज मर्यादेबाहेरचा मार खात असतात.

पहिलं काम: सीमारेषा ठरवा

इंजिन आणायच्या आधी हे ठरलं पाहिजे की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं. सुरक्षित मार्ग दोनच.

पहिला मार्ग असा की ईसीएम, वायरिंग, मीटर, चावी सगळं तुमच्या गाडीचं तसंच ठेवायचं. नव्या इंजिनमधून घ्यायचं ते फक्त लोखंड: ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड, चेन. त्यावर तुमच्या जुन्या इंजिनचे सगळे सेन्सर, रेल, हाय प्रेशर पंप, नोझल, टर्बो, ईजीआर, इनटेक चढवायचं. थोडक्यात, ईसीएमला काही बदललंय हे कळूच द्यायचं नाही. नवख्या माणसाने हाच मार्ग धरावा. जुनं इंजिन बेअरिंग धरून किंवा चेन तुटून गेलं असेल तर बाहेरचा हा सगळा ऐवज बहुतेक वेळा शाबूत असतो. एक मात्र बघा: आत लोखंडाचा चुरा फिरला असेल, तर टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये तो अडकलेला असतो. तो नव्या इंजिनमध्ये नेऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे समोरच्या गाडीचं, म्हणजे ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचं, सगळंच आणायचं. इंजिन, त्याचा ईसीएम, इंजिनचं पूर्ण वायरिंग, एअर फ्लो सेन्सर असलेला पाइप, ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरचं (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं) युनिट, चावी आणि चावीच्या कुलपाभोवतीची अँटेना रिंग. ७५ च्या जागी ९० पीएसचं इंजिन चालवायचं असेल तर हाच मार्ग. ७५ च्या ईसीएमला व्हीजीटीची पाती हलवता येत नाहीत. त्याच्या प्रोग्राममध्ये ते कामच नाही.

तिसरा मार्ग लोक रोज वापरतात: अर्धे सेन्सर इकडचे, अर्धे तिकडचे, जे बसेल ते. तिथूनच ते पंधरा दिवस सुरू होतात.

खरेदीला जाताना

कुर्ल्याला जा, दिल्लीच्या मायापुरीहून मागवा, नाहीतर गावातल्या पार्टवाल्याकडून घ्या. मोबाइलमध्ये आधी तुमच्या गाडीचे फोटो घेऊन जा. फोटो इंजिनचे नकोत, नंबरांचे हवेत. ईसीएमवरचं लेबल, प्रत्येक सेन्सरवर छापलेला पार्ट नंबर, नोझलच्या डोक्यावर कोरलेला कोड, पंपाची प्लेट. धूळ-तेल पुसा, टॉर्च तिरकी धरा, अक्षरं उमटतात. मी प्रत्येक फोटोआधी त्या सेन्सरशेजारी चिकटपट्टीवर नाव लिहून लावतो, कारण रात्री घरी बघताना काळे प्लॅस्टिकचे तुकडे सगळे एकसारखे दिसतात.

तिथे उभं राहून ताडायचे नंबर हे: रेल प्रेशर सेन्सर, इनटेकवरचा बूस्ट प्रेशर सेन्सर (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब मोजणारा), एअर फ्लो सेन्सर, क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, कूलंट टेंपरेचर सेन्सर. विकणारा घाई करेल. करू द्या. दुसरा मार्ग धरला असेल तर वायरिंग कापून घेऊ नका. "कपलरपासून एक वीत सोडून कापलंय, जोडून घ्या" असं कुणी म्हणालं तर ते इंजिन तिथेच ठेवा. पन्नास-साठ सांधे म्हणजे पन्नास-साठ संशयाच्या जागा.

इंजिन नंबर खोडलेला, घासलेला असेल तर हात लावू नका. बिल घ्या आणि ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं मागा. याचं कारण शेवटी येतं.

एकेक सेन्सर, आणि त्याचं खोटं कधी पकडता येतं

ईसीएम जोडल्यावर, पण गाडी सुरू करायच्या आधी, चावी फक्त ऑनला ठेवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायचा. ही दहा मिनिटं पुढचा आठवडा वाचवतात. मात्र प्रत्येक सेन्सर याच वेळी पकडला जात नाही, म्हणून कोण कधी उघडा पडतो ते नीट समजून घ्या.

बूस्ट प्रेशर सेन्सर लगेच पकडला जातो. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत हा दाब १०१० मिलिबारच्या आसपास, पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला तर ८६५ च्या जवळ. पुण्यात गाडी उभी आहे आणि स्कॅनर ११४० दाखवतोय, तर सेन्सर वेगळ्या रेंजचा आहे हे सुरू न करताच कळलं. या एका तपासणीला मी सगळ्यात जास्त मानतो, कारण तिला मल्टिमीटरही लागत नाही.

तापमानाचे सेन्सर सकाळी पकडा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट, इनटेकची हवा आणि डिझेल यांची तापमानं जवळपास सारखी हवीत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. कूलंट २४, हवा २५ आणि डिझेल ५१ असं दिसलं तर डिझेलचा सेन्सर परका आहे, नाहीतर त्याच्या वायरीत काहीतरी अडकलंय. बॉशच्या नेहमीच्या कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशाला तीनशेच्या थोडा वर. पण थंडीतला एक आकडा जुळला म्हणून निश्चिंत राहू नका. दोन वेगळ्या सेन्सरांचे आलेख एका बिंदूला भेटून पुढे फाकू शकतात. गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या नळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पुन्हा ताडा. हा सेन्सर चुकला की थंडीत ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) पुरेसा वेळ तापत नाहीत, किंवा पंखा भलत्या वेळी फिरतो.

रेल प्रेशर सेन्सर चावी ऑनला पकडला जात नाही. दाब शून्य असताना १५०० वाला आणि १८०० वाला दोघेही ०.५ व्होल्ट देतात, दोघांचंही शून्य बरोबर दिसतं. म्हणूनच मामांच्या गाडीत आम्हाला तो सापडला नाही. इथे पार्ट नंबराशिवाय इलाज नाही. आणि बदलायचा झाला तर नुसता सेन्सर रेलमधून उपटून दुसऱ्या रेलमध्ये फिरवू नका. तो धातूवर धातू दाबून सील होतो, एकदा सुटला की पुन्हा तसाच बसेल याचा भरवसा नाही. आम्ही मामांच्या जुन्या इंजिनची रेलच सेन्सरसकट चढवली. त्याच संध्याकाळी गाडी कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढत गेली.

एअर फ्लो सेन्सर गाडी सुरू झाल्यावरच बोलतो. या इंजिनच्या एका सिलिंडरची जागा ३१२ सीसी. पुण्याच्या हवेत, ३० अंशाला, तेवढ्या जागेत जेमतेम ३४० मिलिग्रॅम हवा मावते आणि प्रत्यक्षात थोडी कमीच जाते. म्हणून आयडलला, ईजीआर बंद असताना, स्कॅनरवर एका स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. ईजीआर उघडला की तो खाली येतो. ४५० दाखवत असेल तर ते शक्यच नाही, त्या सिलिंडरात इतकी हवा मावतच नाही. सेन्सर बरोबर पण त्याचा पाइप वेगळ्या व्यासाचा, असंही होतं. सेन्सर वेग मोजतो आणि कोष्टक पाइपच्या व्यासाप्रमाणे बनलेलं असतं. म्हणून सेन्सर आणि त्याचं घर एकत्रच न्यायचं.

क्रँक सेन्सरचं वेगळंच आहे. त्याच्या दोन जाती. इंडक्टिव्ह सेन्सरात नुसती तारेची कॉइल असते, तो स्वतः व्होल्टेज तयार करतो, आणि मीटर लावला तर काहीशे ते हजारभर ओहम दाखवतो. हॉल सेन्सरला तीन वायरी लागतात, पुरवठा द्यावा लागतो आणि तो चौकोनी सिग्नल पाठवतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, कपलर बसला तरी नाही. इंडक्टिव्हच्या दोन वायरी उलट लागल्या तर आणखी फसवं: सिग्नल येतो, पण दाताची कड ईसीएमला थोडी सरकलेली दिसते. हॉल सेन्सरला ओहमवर तपासू नका, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडू शकतो.

सेन्सरासमोर फिरणारी दातेरी चकती हा याच कुटुंबाचा भाग. बऱ्याच इंजिनांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम नसतात. त्या मोकळ्या जागेवरून ईसीएम क्रँकचा कोन ओळखतो. काही कंपन्या ३६ तून एक काढतात. दात मोजा, खडूने खूण करून मोजा. चकती वेगळी असेल तर त्या ईसीएमला ते इंजिन कधीच समजणार नाही. कॅम सेन्सर सांगतो की आता कोणता सिलिंडर कॉम्प्रेशनला आहे. दोघांचा मेळ बसला नाही की पी००१६ कोड येतो, आणि तेव्हा सेन्सर बदलत बसण्याआधी टायमिंग चेन एक दात सरकून बसली नाही ना, हे उघडून बघा.

पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं चालतं. पाय हळूहळू दाबत शून्य ते शंभर टक्के सरळ चढतंय का बघा. ईसीएम समोरच्या गाडीचा लावला तर पेडलही तिचंच.

पेट्रोल गाडीत इंजिन बदलत असाल तर एका गोष्टीवर खास लक्ष ठेवा, ती म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. साधा नॅरोबँड ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो, वाइडबँडला पाच-सहा वायरी असतात आणि त्याला चालवणारं सर्किट ईसीएमच्या आत असतं. एकाच्या जागी दुसरा जोडायचा विचारही करू नका.

नोझल आणि त्यांचे कोड

प्रत्येक नोझल कारखान्यात तपासलं जातं आणि ते किती डिझेल सोडतं याचा बारीक फरक त्याच्या डोक्यावर कोडच्या रूपाने कोरलेला असतो. ईसीएममध्ये तो कोड त्या सिलिंडरच्या नावाने भरलेला असतो. म्हणून जुनी नोझल काढताना १, २, ३, ४ असं मार्करने लिहा आणि त्याच क्रमाने बसवा. क्रम बदलला किंवा दुसरी नोझल घेतली तर स्कॅनरने कोड पुन्हा भरायचे. नाहीतर गाडी आयडलला थडथड करते आणि लोक माउंटिंगला दोष देतात. नोझल काढल्याबरोबर तोंडाला स्वच्छ टोपी लावा. केसाहून बारीक कचरासुद्धा तिथे पुरतो.

नोझलच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका. ईसीएम तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज सोडतो. आणि इंजिन चालू असताना रेलचा पाइप गळतोय का हे बोट लावून कधीही बघू नका. हजार बारचा फवारा कातडीत घुसतो आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरा.

वायरिंग, अर्थिंग, कॅन

ईसीएमचा कपलर काढण्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर ईसीएम बाहेरच काढून ठेवा.

अर्थिंगच्या पट्ट्या तीनदा मोजा. इंजिन काढताना बॉडीपासून इंजिनला येणारी जाड पट्टी सुटते आणि बसवताना कुठल्यातरी रंग मारलेल्या ब्रॅकेटखाली जाते, नाहीतर विसरलीच जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीचा रस्ता शोधत सेन्सरांच्या बारीक वायरींतून वाहतो आणि सगळेच आकडे नाचायला लागतात. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी, तिचा बोल्ट आणि खालचा रंग साफ करा. सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठाही मोजा. एका शॉर्ट झालेल्या सेन्सरमुळे तो पडला की त्याच ओळीवरचे दोन-तीन सेन्सर एकदम खोटे दिसतात. मग एकेक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतो, तो गुन्हेगार.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर पायाशेजारच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे स्कॅनर जिथे जोडतात तिथे, बघा. १६ नंबरला बॅटरी, ४ आणि ५ ला अर्थ, ६ आणि १४ ला कॅनची, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून आपसात बोलतात त्या लाइनची, जोडी. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. जुन्या गाड्यांत ७ नंबरची के-लाइन, म्हणजे त्यासाठीची एकच वायर, वापरात असते, तिथे ही चाचणी लागू नाही.

चावी ओळखत नाही तेव्हा

मारुतीत इमोबिलायझरला आयकॅट्स म्हणतात. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते, कुलपाभोवतीची रिंग ती वाचते आणि ईसीएमला ओळख पटवते. समोरच्या गाडीचा नुसता ईसीएम आणून लावला तर सेल्फ फिरेल, पण ईसीएम डिझेल सोडणार नाही, आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहील. त्याचं युनिट, रिंग आणि चिप असलेली चावी बरोबर आणली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कंपनीच्या स्कॅनरवर किंवा जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे चावी नव्याने शिकवावी लागते. त्यासाठी गाडीचं आरसी आणि तुमचं ओळखपत्र दाखवावं लागतं, ते दाखवा. इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारेही भेटतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी काय विचारेल, याचा विचार करून ठरवा. मी तरी ते करून घेणार नाही.

पहिला स्टार्ट

चावी ऑनला आकडे पटले, कोड सगळे पुसले, डिझेल लाइनमधली हवा काढली. आता नोझलच्या वायरी काढून ठेवून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद, जोपर्यंत ऑइलचा दिवा विझत नाही तोपर्यंत. टर्बोला ऑइल पोचल्याशिवाय सुरू करायची घाई नको. मग वायरी लावा, यामुळे आलेले कोड पुसा आणि स्कॅनर समोर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. तीन गोष्टींवर नजर: आरपीएम दिसतोय का, क्रँक आणि कॅमचा मेळ बसला असं दाखवतंय का, रेलचा दाब २०० बारच्या पुढे चढतोय का. आरपीएम शून्य तर क्रँक सेन्सर. आरपीएम आहे पण दाब चढत नाही तर हवा, पंप किंवा नोझलची गळती. तिन्ही ठीक आणि तरी सुरू होत नाही तर इमोबिलायझर. एवढ्या तीन आकड्यांवर निम्म्या केसेस तिथल्या तिथे उलगडतात.

सुरू झाली की गरम होऊ द्या, पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. मग चढ बघून तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारावर पेडल पूर्ण दाबा. शेजारी बसलेल्याने मागितलेला आणि मिळालेला रेल दाब, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट अशा दोन जोड्या बघाव्यात. जोड्या चिकटून चालल्या पाहिजेत. पण रेलची जोडी चिकटली म्हणजे दाब खरा आहे असं नाही, हे मामांच्या गाडीवरून लक्षात ठेवा. त्या गाडीत दोन्ही आकडे शेवटपर्यंत जुळलेलेच होते. ओढ, धूर आणि पार्ट नंबर, तिन्ही पटले तरच रेलवर विश्वास.

आरटीओ

आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो, त्यामुळे इंजिन बदललं की नोंद बदलावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ यासाठीच आहे. वेगळ्या जातीचं इंजिन बसवणार असाल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन परवानगीचं विचारा. नंतर गेलात तर गाडी परत उघडायची वेळ येऊ शकते. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवायचं असतं. इंजिनचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं इथे लागतात. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा. अपघाताच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून पहिला तोच नंबर वाचतो.

जुने सेन्सर, जरी ते वापरले नसले तरी, नाव लिहिलेल्या पिशव्यांत घालून डिकीत सहा महिने ठेवा. मामांच्या गाडीत ती पिशवी अजून स्टेपनीखाली आहे.